धाकटा धनी, थोरला धनी

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव विजेच्या कामाची पदविका घेऊन यंदा बाहेर पडले, आणि त्यांच्यापुढें दोन नोकऱ्या एकदम येऊन उभ्या राहिल्या. एक वणीच्या बाजारांतल्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानांत. दुसरी एका मोठ्या कारखान्यांत. पहिल्या ठिकाणीं मालक धरून चार माणसें. दुसऱ्या ठिकाणीं किती आहेत, तें तेथल्या साहेबांनाहि कोणाला तरी विचारून सांगावें लागेल. बंधूंनीं आम्हांस लिहिलें कीं, "दादा, तुम्ही दोन्ही घाटांचें पाणी प्यालेले आहांत, पोराला चार शब्द लिहून कळवा, तो आमचें ऐकत नाहीं." आम्हीं लागलाच कागद पुढें ओढला. पण तीन आठवडे झाले तरी चार शब्द कांहीं जमेनात. जें वाक्य लिहावयास घ्यावें तें पन्नास वर्षांमागच्या एका हजेरीपटापाशीं जाऊन अडूं लागलें. तेव्हां तो हजेरीपट एकदां वाचकांपुढें उघडून ठेवावा व मग मुलाच्या पत्राकडे वळावें, असें आम्हीं ठरविलें आहे.

आमचें गांव राजूर, यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यांतलें. महाराष्ट्रांत राजूर नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. जालन्याकडचें राजूर गणपतीसाठीं प्रसिद्ध आहे, नगरकडचें सह्याद्रीच्या कुशींत आहे. आमच्या राजुरास ना तसा देव ना तसा डोंगर. त्याला लोक 'राजूर कॉलरी' म्हणून ओळखतात. गांवाच्या पोटांत दोन दगड आहेत. एक कोळसा, पंचवीस-तीस कोटि वर्षांपूर्वींच्या अरण्यांचा. दुसरा चुनखडीचा, त्याहूनहि कितीतरी पुराण्या समुद्राच्या तळाचा. परमेश्वरानें दोन्ही शेजारीं शेजारीं ठेवले, म्हणून कोळसा जाळून चुना भाजण्याचा धंदा येथें जणूं आपोआपच उभा राहिला. आमच्या लहानपणीं सायंकाळीं घरीं परतणाऱ्या माणसाच्या अंगाकडे पाहिलें कीं तो कोणाचा नोकर आहे हें न विचारतां कळे. काळा असला तर कॉलरीचा, पांढरा असला तर भट्टीचा. बाजाराच्या दिवशीं दोघेहि एकाच पाटीवरचीं वांगीं घेत. पण पांढऱ्याची भाव करण्याची रीत निराळी व काळ्याची निराळी, हें भाजीवालीला चांगलें ठाऊक असे.

हा भेद मूळचाच होता असें मात्र नाहीं. खाणीहि एके काळीं खासगी मालकांच्याच होत्या. हातीं लागेल तो सोयीचा कोळसा काढावा आणि अवघड तो जमिनींत तसाच सोडून द्यावा, अशी अनेक मालकांची पद्धति होती. १९६७ सालच्या वेतन मंडळाच्या शिफारशीहि पुष्कळांनीं कागदावरच ठेवल्या होत्या. १९७३ च्या जानेवारीच्या अखेरीस सरकारनें या खाणींचा कारभार आपल्या हातीं घेतला, व त्याच वर्षीं १ मे रोजीं त्या कायद्यानें राष्ट्राच्या झाल्या. १९७५ सालीं कोल इंडिया निघाली आणि आमच्या भागासाठीं नागपुरांत वेस्टर्न कोलफील्ड्स. १ जानेवारी १९७५ पासून पहिला राष्ट्रीय वेतन करार लागू झाला. करार म्हणजे काय हें आमच्या आळींत कोणास उमगलें असेल असें वाटत नाहीं. परंतु वर्ष दोन वर्षांत कॉलरीवाल्यांच्या दारांत सायकली दिसूं लागल्या, मुलें वणीच्या शाळेंत जाऊं लागलीं, आणि उपवर मुलींचे बाप पत्रिकेच्या आधीं 'मुलगा कॉलरींत आहे का?' असें विचारूं लागले. भट्टीवरचा मुलगा कितीहि गुणी असला तरी तो त्या बाजारांत दुसऱ्या प्रतीचा ठरला. याविषयीं आमचा वैयक्तिक रोष अद्यापि सर्वस्वीं गेलेला नाहीं, हें प्रामाणिकपणें नमूद करून ठेवतों.

कारण आम्ही भट्टीवर होतों. १९७४ सालीं अकरावी होऊन घरीं बसलों असतां गांवच्या एका भट्टीमालकांनीं आम्हांस बोलावून घेतलें व रोजकीर्द-खतावणी आमच्या हवालीं केली. ज्या वाचकांनीं चुन्याची भट्टी पाहिली नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. फोडलेल्या चुनखडीचा एक थर व कोळशाचा एक थर असें एकाआड एक वरच्या तोंडांतून टाकीत जावयाचें आणि भाजून तयार झालेला कळीचा चुना खालच्या तोंडांतून ओढून काढावयाचा. सुमारें नऊशें अंशांच्या आंचेनें दगडांतला वायु निघून जातो. अगदीं निर्मळ दगड असला तरी शंभर मणांतून छप्पन मणच चुना हातीं लागतो. उरलेले चव्वेचाळीस मण आकाशांत जातात. भट्टी एकदां पेटली कीं तिला रात्र नाहीं आणि सणवारहि नाहीं. वरून टाकणें थांबलें कीं सगळा माल वायां. म्हणून दिवाळीच्या पाडव्याला सुद्धां शेठजी स्वतः पहांटे भट्टीच्या तोंडाशीं उभे असत, आणि दिवाणजी म्हणून आम्हीहि त्यांच्यामागें कुडकुडत उभे असूं.

शेठजींच्या पदरीं नोकरी करणें म्हणजे त्यांच्या घरांत राहण्यासारखें होतें. त्यांत जें सुख असतें तें होतें, आणि जें दुःख असतें तेंहि होतें. कोणाची मुलगी बाळंतपणाला आली आहे, कोणाचा बैल मेला आहे, कोण रात्रीं कोठें पिऊन पडला होता, हें सर्व त्यांना मुखोद्गत. पगाराचा दिवस ठरलेला नसे. मालाचे पैसे बाहेरगांवाहून येत तेव्हां पगार होई. तोंपर्यंत ज्याला जशी नड तशी त्यानें उचल घ्यावी. ही उचल आमच्या खतावणींतलें सर्वांत मोठें पान. ती कधीं फिटत नसे आणि शेठजी ती कधीं मागतहि नसत. पण जो माणूस भट्टी सोडून दुसरीकडे जाण्याची भाषा काढी, त्याला मात्र ते अगदीं गोड शब्दांत म्हणत, "जा कीं, आम्हीं कोठें बांधून ठेवलें आहे? तेवढा हिशेब पाहून घे." तो हिशेब आम्ही वाचून दाखवूं, आणि तो माणूस पुन्हां फावडें उचली.

आतां तो हजेरीपट. भट्टीवर माणसें कामाच्या भरांत तीस-पस्तीस असत. हजेरीपटावर नांवें एकोणीस. आम्हांस प्रथम हें कोडेंच वाटलें. शेठजींनीं समजावून सांगितलें, "विसाव्या नांवाबरोबर सरकार आंत येतें." तें खरेंच होतें. विजेचें यंत्र नसलेल्या ठिकाणीं वीस माणसें झालीं कीं १९४८ चा कारखान्यांचा कायदा लागू पडे, आणि १९५२ च्या भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याचा आंकडाहि वीसच होता. आम्ही तेव्हां अठरा-एकोणीस वर्षांचे. आम्हांस त्यांत शेठजींची हुषारी दिसली. खोटें बोलणें दिसलें नाहीं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस आम्ही सुरेख अक्षरांत एकोणीस नांवें लिहीत असूं, आणि बाकीच्यांचा रोज एका चोपडीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनें टिपीत असूं. महिना संपला कीं तें पान रबरानें पुसून पुन्हां कोरें करावयाचें.

पेन्सिलीच्या त्या पानावर एक मावशी होत्या. कळीच्या चुन्यावर पाणी शिंपून फक्की करणें हें त्यांचें काम. ज्यांनीं हें काम पाहिलें आहे त्यांना सांगावयास नकोच. पाणी पडतांच चुना फुगतो, तडकतो, रटरटा उकळूं लागतो, आणि जवळ उभें राहणाऱ्याला वाऱ्याची दिशा पाहून उभें राहावें लागतें. १९७७ च्या उन्हाळ्यांत एका दुपारीं वारा फिरला व उकळत्या चुन्याचा शिंतोडा मावशींच्या डोळ्यांत गेला. शेठजी जेवावयास बसले होते. ते हात न धुतां उठले, स्वतः जीप काढली, आधीं वणीला व तेथून रातोरात नागपूरला त्यांना घेऊन गेले. दोन रात्री ते इस्पितळाच्या ओसरीवर बसून होते, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, कारण डबा घेऊन आम्हीच गेलों होतों. औषधपाण्याचा सर्व खर्च त्यांनीं केला व तो मावशींच्या उचलींत टाकला नाहीं. एक डोळा वांचला, एक गेला. त्यानंतर मावशींना रांजणांत पाणी भरणें, पोतीं मोजणें असलीं हलकीं कामें देऊन त्यांचा रोज पूर्वींइतकाच चालूं ठेवला, आणि दर दिवाळीस शेठजींच्या घरून त्यांना लुगडें जाई. पुढें अठ्ठावीस वर्षें आम्हीं एका थोरल्या धन्याची चाकरी केली. तेथें कोणी साहेब कोणासाठीं जेवणाच्या पाटावरून हात न धुतां उठल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

१९७९ सालीं आम्हांस नागपुरांत एका मोठ्या कंपनीच्या कचेरींत कारकुनी लागली आणि आम्हीं राजूर सोडलें. शेठजींनीं निरोपाचा नारळ दिला व आमची उचल माफ केली. पांचसहा वर्षांनीं ते वारले. मुलांच्या वांटण्या झाल्या, भट्टी परक्याच्या हातीं गेली. नव्या मालकांना पोतीं मोजण्यासाठीं एक डोळ्याची बाई नको होती. आम्ही मे महिन्यांत गांवीं गेलों असतां मावशी घरीं आल्या. म्हणाल्या, "दिवाणजी, तुमीच चालून सांगा त्यायले, मी इतके साल व्हती म्हून. माह्यं नाव तं तुमच्याच वहीत असन." आम्ही गेलों. नवे मालक सभ्य होते. त्यांनीं चहा मागविला, कपाटांतून जुने हजेरीपट काढले आणि आमच्यापुढें ठेवले. महिन्यामागून महिने उलटले. एकोणीस नांवें, सुरेख अक्षर. मालक हळूच म्हणाले, "दिवाणजी, अक्षर तर तुमचंच आहे ना?"

घरीं परततांना मावशींना आम्हीं काय सांगितलें तें येथें लिहवत नाहीं. पुढें कित्येक वर्षांनीं आमच्या कचेरींतल्या कायद्याच्या पुस्तकांत १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा चाळण्याचा प्रसंग आला. त्याच्या परिशिष्टांत माणसाच्या एकेका अवयवाचें मोल लिहून ठेवलेलें आहे. दुसरा डोळा चांगला असून एका डोळ्याची नुसती दृष्टि गेली, तर कमाईच्या शक्तींतून शेंकडा तीस वजा. त्या यादींत दया नाहीं, लुगडें नाहीं, जीप नाहीं. नुसता आंकडा आहे. पण तो आंकडा शेठजींच्या पश्चातहि जिवंत राहिला असता. शेठजींची दया त्यांच्याबरोबर सरणावर गेली.

आतां थोरल्या धन्याविषयीं. कचेरीचें नांव सांगत नाहीं. जिला नांव आहे तिलाच आम्ही ओळखत होतों, तिनें आम्हांस कधीं ओळखल्याची खूण नाहीं. तेथें आमचें नांव गेलें व पांच आंकडी क्रमांक आला. पहिल्या वर्षीं आमच्या मातोश्री वारल्या. रजेचा अर्ज तीन टेबलांवरून फिरून मंजूर होऊन आला तो त्यांचें तेरावें आटोपून आम्ही परत कामावर रुजू झाल्यावर. वर शेरा होता, 'रजेचें कारण सविस्तर नमूद करावें.' आम्ही त्या दिवशीं शेठजींच्या आठवणीनें फार व्याकुळ झालों. परंतु महिनाअखेर पाहतों तों त्या तेरा दिवसांचा पगार पैसा न पैसा जमा झालेला. भट्टीवर त्या तेरा दिवसांत शेठजी दोनदां घरीं येऊन बसले असते, तांदूळ व तूप पाठविलें असतें, आणि रोज मात्र मांडला नसता. यांतलें कोणतें बरें, हा प्रश्न आम्हीं त्या वेळीं पत्नीस विचारला. ती म्हणाली, "तांदूळही आले असते आणि रोजही मिळाला असता तर बरं." बायकांशीं तात्त्विक चर्चा करूं नये ती याचसाठीं.

आमच्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बावीस वर्षें बसत. एके दिवशीं ते घरून निघाले ते कचेरींत पोंचलेच नाहींत. वाटेंतच हृदय थांबलें. शोकसभेंत मोठ्या साहेबांनीं त्यांच्या सेवेची फार वाखाणणी केली, फक्त नांव चुकीचें घेतलें. चूक त्यांची नव्हती. फायलींतच आडनांवाचें एक अक्षर वर्षानुवर्षें चुकलेलें होतें. तें एक अक्षर दुरुस्त करून घेण्यांत त्यांच्या पत्नीचे आठ महिने गेले. या आठ महिन्यांत त्यांनीं काय सोसलें तें आम्हीं जवळून पाहिलें. पण अक्षर दुरुस्त झाल्यावर निवृत्तिवेतन सुरूं झालें, निधीची रक्कम मिळाली, आणि ज्या कोणाला त्या बाईंचा चेहराहि माहीत नाहीं अशा एका यंत्रानें पुढें दर महिन्याला न चुकतां त्यांच्या घरीं पैसे पोंचविले. फायलींत नांव चुकलेलें होतें. पण नांव होतें. मावशींचें नांव चुकलेलें सुद्धां नव्हतें.

थोरल्या धन्याच्या पदरीं माणूस सुरक्षित असतो, असा अर्थ कोणी यावरून काढूं नये. २७ डिसेंबर १९७५ रोजीं धनबादकडे चासनाल्याच्या खाणींत पाणी शिरून सुमारें पावणेचारशें माणसें बुडालीं. ती खाण कांहीं एखाद्या किरकोळ ठेकेदाराची नव्हती. आणि कायमपणाविषयीं बोलावें तर आमच्या भागांत कोळशाचा आरंभ जिनें केला ती वरोऱ्याची खाण तर खुद्द सरकारची. ती १९०६ सालीं बंद पडली.

मोठेपणाविरुद्ध अलीकडच्या काळांत जितकें लिहिलें गेलें त्यांत शूमाखर यांचें 'स्मॉल इज ब्यूटिफुल' हें पुस्तक सर्वांत गाजलें. तें निघालें १९७३ सालीं, म्हणजे आमच्या खाणी राष्ट्राच्या झाल्या त्याच वर्षीं. वाचकांस मौज वाटेल ती ही कीं, लहानाचा हा कैवारी स्वतः वीस वर्षें इंग्लंडांतल्या राष्ट्रीय कोळसा मंडळाचा अर्थविषयक सल्लागार होता, आणि तें मंडळ आरंभीं जवळजवळ सात लाख माणसांचें धनी होतें! आम्हीं हें पुस्तक निवृत्तीनंतर वाचलें. त्यांत मोठें सारेंच वाईट असें म्हटलेलें नाहीं. मोठ्या संस्थेच्या पोटांत लहान लहान घरें करावीं, प्रत्येकाला आपला कारभार व आपला हिशेब असावा, असा त्यांचा मार्ग आहे. वाचतांना तो फार पटला. मात्र पुस्तक मिटल्यावर मनांत आलें कीं, मोठ्यांच्या पोटांत लहान घरें आमच्याकडे झालींच आहेत. तीं शूमाखरसाहेबांना अभिप्रेत होतीं तशीं झालीं नाहींत इतकेंच.

कोल इंडिया आरंभीं वर्षाला सुमारें आठ कोटि टन कोळसा काढी. २०२३-२४ सालीं तो आंकडा सत्त्याहत्तर कोटि टनांवर गेला. पण पटावरचीं माणसें, जीं आरंभीं सहा लाखांच्या वर होतीं, तीं सव्वादोन लाखांच्या आसपास उतरलीं. भूमिगत खाणींच्या जागीं उघड्या खाणी आल्या, यंत्रें आलीं, आणि माती काढण्याचें व कोळसा वाहण्याचें पुष्कळसें काम ठेक्यानें जाऊं लागलें. वणीच्या आसपासच्या कोणत्याहि चहाच्या टपरीवर घटकाभर बसावें. दोन डंपरवाले शेजारीं शेजारीं बसलेले असतात. अंगावरची धूळ एकच, वाट एकच. एक कंपनीचा, त्याचें वेतन दिल्ली-कोलकात्याच्या वाटाघाटींत ठरतें. २०२३ च्या मे महिन्यांत अकरावा करार झाला तेव्हां त्याच्या वेतनांत शेंकडा एकोणीस वाढ ठरली. दुसरा ठेकेदाराचा. त्याच्यासाठींहि दर ठरलेले आहेत, पण ठेक्याची मुदत संपली कीं त्याची नोकरी पुन्हां नव्यानें लागावयाची. चहाचे पैसे बहुधा पहिला देतो.

म्हणून आम्हीं चिरंजीवांस कळविलें कीं, सल्ला राहूं दे. आधीं त्या मोठ्या कारखान्याचें नेमणुकीचें पत्र आम्हांस पाठीव. पत्राचें छायाचित्र त्याच संध्याकाळीं मोबाइलवर आलें. तीन वेळां वाचलें. कारखान्याचें नांव त्यांत एकदांच, तें 'कामाचें ठिकाण' या सदराखालीं. नेमणूक करणारा निराळाच, माणसें पुरविणारा एक ठेकेदार. मुदत अकरा महिन्यांची. म्हणजे बंधू ज्याला थोरला धनी समजत होते तो वास्तविक धाकटाच, थोरल्याच्या फाटकांतून आंत जाणारा. आणि शेठजींसारखा तो रात्रीं जीप काढील अशीहि आशा नाहीं, कारण त्याची कचेरी दुसऱ्या राज्यांत आहे. मुलाला हें समजावून सांगितलें. तो म्हणाला, "काका, माझ्या वर्गातल्या सगळ्यांची पत्रं अशीच आहेत." यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

वाइंडिंगच्या दुकानाचे मालक बंधूंच्या परिचयाचे आहेत. जळालेली मोटार नुसती हुंगून कोणती तार गेली तें सांगतात, अशी त्यांची ख्याति आहे. आसपासच्या भट्ट्यांचे पंप आणि कापसाच्या जिनिंगच्या मोटारी त्यांच्याकडे येतात. पगार ठेकेदारापेक्षां दीड हजारांनीं कमी. पण दोन वर्षांत काम शिकवून टाकीन म्हणाले, आणि असें म्हणणारा माणूस ठेकेदाराच्या पत्रांत कोठेंहि नव्हता. चिरंजीव गेल्या सोमवारपासून तेथें जाऊं लागले आहेत. आम्हीं एवढेंच बजाविलें होतें कीं, पहिल्या दिवशीं नेमणुकीचा कागद मागून घे. संकोच करूं नकोस. मालक हा प्रश्न ऐकून अगदीं गोंधळून गेले म्हणे. पंचवीस वर्षांत त्यांच्याकडे हें कोणी मागितलें नव्हतें. शेवटीं बिलाचें पुस्तक मुलापुढें सरकवून म्हणाले, "तूच लिही बाबा, मी सही करतो." त्यानें लिहिलें, त्यांनीं सही केली, वर दुकानाचा शिक्काहि मारला.

त्या कागदाचें छायाचित्र काल आलें. नांव, तारीख, पगार, सर्व आहे. अक्षर मात्र आमच्या घराण्याला शोभणारें नाहीं. कामाचे तास लिहावयाचे राहिले आहेत, तेवढे घालून घे, असें आम्हीं त्यास उलट कळविलें. आणि दुकानांतल्या दुसऱ्या दोघांजवळ असा कागद आहे का, तेंहि विचारावयास सांगितलें आहे.